आयकराची थकबाकी निघाली तर: खानदेशातल्या करदात्याने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

आयकर खात्याचं पत्र आलं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण ते पत्र लाईट बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवतो आणि पोळ्यानंतर बघू म्हणतो. दुसरा इतका घाबरतो की आठवड्याच्या आत घरातलं सोनं तारण ठेवून सगळी रक्कम भरून टाकतो. जळगावात बरीच वर्षं लोकांची रिटर्नं भरण्याचं काम करतोय, त्यामुळे दोघंही जवळून पाहिलेत. पहिल्याचं नुकसान होतं हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्याचंही कधीकधी तेवढंच होतं, कारण खात्याने मागितलेली रक्कम आणि आपलं खरं देणं एकच असेल असं नाही. आधी आपला आकडा काढायचा, मग पैशांची सोय बघायची. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

खाली दिलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. २०२५ च्या नव्या कायद्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. पण आधीच्या वर्षांच्या थकबाकीची प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतात, आणि थकबाकी ही बहुतेक वेळा जुन्याच वर्षांची असते.

पत्र खरं आहे का, आणि ते कुणाला गेलं?

१ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर आणि आदेशावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असावा लागतो. ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस पडताळून पाहण्याची सोय आहे, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. क्रमांक टाकायचा आणि नोटीस खरी की खोटी ते पाहायचं. मोबाईलवर आलेल्या लिंकवरून कर कधीही भरू नका. ‘आजच भरा नाहीतर अटक’ असं कुणी फोनवर सांगत असेल तर तो आयकरवाला नाही, फोन ठेवून द्या.

आता दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट. पोर्टलवर तुमच्या पॅनला कुणाचा मोबाईल आणि कुणाचा ई-मेल जोडलेला आहे? आपल्या तालुक्यांच्या गावांत हा सगळ्यात मोठा घोळ आहे. पाच-सात वर्षांपूर्वी कर्जाच्या फायलीसाठी कुणीतरी रिटर्न भरून दिलेलं असतं. ई-मेल त्या भरणाऱ्याचा, मोबाईल त्याच्या दुकानातला. नोटिसा तिकडे जातात, उत्तर कुणी देत नाही, अधिकारी कलम १४४ खाली एकतर्फी आदेश काढतो, आणि मूळ माणसाला कळतं ते बँक खात्यातून पैसे निघेनासे झाल्यावर. तेव्हा आजच लॉगिन करा, प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर आणि मेल टाका, आणि ‘पेंडिंग अॅक्शन्स’मध्ये जाऊन थकीत मागणीचं पान उघडा. तिथे प्रत्येक वर्षाची मागणी, तिचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि साठलेलं व्याज दिसतं. संबंधित आदेश डाउनलोड करून त्याची प्रिंट काढा.

आकडा कुठून आला?

आदेश वाचताना दोन रकाने शेजारी ठेवायचे: आपण रिटर्नमध्ये काय लिहिलं आणि खात्याने काय धरलं. फरक जिथे पडला तिथे दुखणं आहे. सोबत फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (खात्याकडे असलेली तुमच्या व्यवहारांची वार्षिक माहिती) काढून घ्या. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक प्रकरणं पुढच्या चार-पाच कारणांत बसतात.

पहिलं कारण टीडीएसचं, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापल्या जाणाऱ्या कराचं. मालकाने पगारातून कर कापला पण सरकारजमा केला नाही, किंवा चुकीच्या पॅनवर भरला. मग तो २६एएसमध्ये दिसत नाही आणि संगणक तेवढी रक्कम तुमच्याकडे मागतो. कलम २०५ स्पष्ट सांगतं की एकदा तुमच्या हातातून कर कापला गेला की तो पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही. पण कापल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो: पगारपत्रक, फॉर्म १६, बँकेत निव्वळ पगार जमा झाल्याची नोंद.

दुसरं नोकरदारांचं. भुसावळचे रेल्वेवाले, नंदुरबारकडचे आश्रमशाळांचे शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी यांना पगाराच्या फरकाची रक्कम एकदम मिळते. ती मागच्या वर्षांची असल्यामुळे कलम ८९ खाली सवलत मिळते. पण त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०-ई ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला की सवलत नाकारली जाते आणि तीस-चाळीस हजारांची मागणी येते. यात कर चुकवलेला नसतो, फक्त एक फॉर्म राहिलेला असतो. तो भरायचा आणि दुरुस्ती मागायची.

तिसरं शेतजमिनीच्या विक्रीचं. ३० लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यवहार झाला की रजिस्ट्री कार्यालयातून माहिती खात्याकडे जाते आणि भांडवली नफ्याची विचारणा येते. पण ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच धरत नाहीत. ग्रामीण म्हणजे काय? पालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या बाहेर, आणि १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटरच्या बाहेर. म्हणजे चोपडा, यावल, पारोळ्याला २ आणि जळगाव, धुळे, भुसावळला ६. अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. तसा दाखला आणि सातबारा लावला तर अख्खी मागणीच उडू शकते. जमीन धरणात किंवा महामार्गात गेली असेल आणि वाढीव मोबदल्यावर व्याज मिळालं असेल, तर त्या व्याजाची निम्मीच रक्कम करपात्र धरतात. आदेशात पूर्ण धरली आहे का ते तपासा.

चौथं रोख भरण्याचं, आणि यातले आकडे सगळ्यात भयंकर असतात. रावेर-यावल पट्ट्यातला एक केळीवाला समजा. नोटबंदीत त्याने ९ लाख रुपये बँकेत भरले, नोटीस चुकीच्या ई-मेलवर गेली, उत्तर गेलं नाही. अधिकाऱ्याने ती रक्कम खुलासा नसलेला पैसा म्हणून कलम ११५बीबीई खाली धरली. त्या वर्षी अधिभार आणि उपकर मिळून हा दर ७७.२५ टक्के होता. म्हणजे नुसता कर ६,९५,२५० रुपये, आणि वर व्याज. शेतीचं उत्पन्न करमुक्त असूनही हे होतं, कारण ते शेतीचं आहे हे कुणी सांगितलंच नाही. अशा माणसाने कर्ज काढून हे भरायचं नाही. त्या वर्षांचा पीकपेऱ्यासह सातबारा, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या, काट्याच्या पावत्या, ठिबक आणि खतांची बिलं गोळा करून अपिलात जायचं.

पाचवं कारण साधं: आपलं खरंच चुकलं. एफडीचं व्याज, भाडं, कमिशन दाखवायचं राहिलं. मग वाद नाही, पुढे चला.

पोर्टलवरचं ते एक बटण

थकीत मागणीच्या पानावर उत्तर द्यायची सोय आहे. ‘मागणी बरोबर आहे’ आणि ‘मागणी मान्य नाही, पूर्ण किंवा अंशतः’ असे मुख्य पर्याय असतात. पहिला एकदा दाबला की नंतर नाही म्हणता येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) हिशेब होतो तेव्हा उचल किती, खाडे किती हे दोघं समोर बसून मोजतात. न मोजता कुणी मान डोलवत नाही. इथे मात्र चांगले शिकलेले लोक ‘पेज पुढे जाईना म्हणून दाबलं’ असं सांगतात.

अमान्य असेल तर कारण निवडून पुरावा जोडायचा: चलनाचा तपशील, दुरुस्तीचा अर्ज, अपिलाची पोच, जे असेल ते. उत्तर न दिल्यास पुढच्या वर्षाचा परतावा कलम २४५ खाली या थकबाकीत वळता होतो. त्याआधी सूचना येते आणि २१ दिवस मिळतात. दरवर्षी हजारो रुपयांचा रिफंड असा गुपचूप जात असतो आणि माणूस म्हणतो, ‘यंदा रिफंड आला नाही बुवा.’

मागणी बरोबर आहे आणि पैसे आहेत

मग कलम १५६ ची, म्हणजे मागणीची, नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत भरून टाका. ई-पे टॅक्समध्ये जाऊन मागणीच्या संदर्भ क्रमांकासमोरच भरायचं, म्हणजे ४०० क्रमांकाचा शीर्ष, नियमित करनिर्धारणाचा कर. बरेच जण सवयीने ३०० (रिटर्नसोबत स्वतः भरायचा कर) निवडतात किंवा आकारणी वर्षाऐवजी (म्हणजे कमाईच्या पुढच्या वर्षाऐवजी) कमाईचं आर्थिक वर्ष टाकतात. पैसे सरकारकडे पोचतात, पण थकबाकी तशीच राहते. चलन ऑनलाइन दुरुस्त करता येतं, मात्र त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून भरल्यावर आठवडाभरात मागणीचं पान पुन्हा उघडून पाहा.

तपासणी किंवा फेरआकारणीत उत्पन्न वाढवलं असेल, तर आणखी एक सोय आहे जी फार जणांना ठाऊक नसते. कर आणि व्याज नोटिशीच्या मुदतीत भरलं, अपील केलं नाही, आणि ज्या महिन्यात आदेश मिळाला तो संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म ६८ भरला, तर कलम २७०एए खाली दंडापासून सूट मिळू शकते. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के असतो, म्हणजे ही सूट लहान नाही. खोटी माहिती देऊन उत्पन्न लपवल्याचा ठपका असेल तर याच अटींवर ती मिळत नाही, आणि तिथे दंड २०० टक्के आहे.

मागणी बरोबर आहे, पण पैसे नाहीत

पहिला नियम: गप्प बसायचं नाही. ३० दिवस संपायच्या आत आपल्या वॉर्डाच्या (म्हणजे आपलं पॅन ज्या आयकर कार्यालयाखाली येतं तिथल्या) आयकर अधिकाऱ्याकडे कलम २२०(३) खाली मुदतवाढ किंवा हप्त्यांसाठी अर्ज करायचा. यासाठी ठरावीक फॉर्म नाही, साधं पत्र चालतं. मुदत उलटून गेली तरी अर्ज जरूर करा, पण तेव्हा तुम्ही कायद्याच्या भाषेत थकबाकीदार ठरलेले असता आणि बोलणं अवघड जातं.

पत्रात पाच गोष्टी हव्यात: पॅन, आकारणी वर्ष आणि मागणीचा क्रमांक, एकदम भरता का येत नाही त्याचं खरं कारण, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, चालू कर्जांचे हप्ते, आणि तारखांसह हप्त्यांचा प्रस्ताव. शेवटची गोष्ट लोक गाळतात. ‘साहेब, सवड द्या’ एवढंच लिहिलं तर अधिकारी काय मंजूर करणार? पत्रासोबत थोडी रक्कम भरून चलन जोडा, त्याने पत्राला वजन येतं. कापसाचा किंवा केळीचा पैसा ज्या महिन्यांत हातात येतो तिथे मोठे हप्ते टाका आणि पत्रात तसं लिहा.

हप्ते मिळाले म्हणून व्याज थांबत नाही. कलम २२०(२) खाली दरमहा १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस जरी वर गेला तरी पूर्ण महिना. व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही. उदाहरण घ्या. मागणी १,८०,००० रुपये. ३० दिवसांच्या आत ३०,००० भरले आणि राहिलेले दीड लाख दरमहा २५,००० च्या सहा हप्त्यांत. व्याज पहिल्या महिन्याला १,५००, मग १,२५०, १,०००, ७५०, ५०० आणि २५०. एकूण ५,२५० रुपये. याच कामासाठी सावकाराकडून महिना तीन टक्क्याने पैसे उचलणारे लोक मी पाहिलेत. सरकारचं व्याज वर्षाला १२ टक्के पडतं. सोनेतारण त्याहून स्वस्तात मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर हप्तेच बरे.

ठरलेला एक हप्ता चुकला तर सवलत जाते आणि राहिलेली सगळी रक्कम एकदम थकीत धरली जाते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता मागा.

थकबाकीवरचं हे २२०(२) चं व्याज कमी किंवा माफ करून घ्यायचा रस्ताही आहे, कलम २२०(२ए). तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: भरल्याने खरोखरच हाल होतील, चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाली, आणि चौकशीत आपण सहकार्य केलं. नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाखांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय आयुक्त पातळीवरच होतो. घरातलं मोठं आजारपण, आगीत गेलेलं गोदाम, बुडालेली पतसंस्था यांचे कागद असतील तर अर्ज करा. कराची मूळ रक्कम मात्र यात सुटत नाही.

मागणी चुकीची आहे

चूक उघड असेल, म्हणजे टीडीएस धरला नाही, चलन जोडलं नाही, बेरीज चुकली, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. तो पोर्टलवरच होतो, फी नाही, आणि ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत करता येतो. माझ्या अनुभवात लहान मागण्यांपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

मुद्दा वादाचा असेल तर अपील. फॉर्म ३५ ऑनलाइन, मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत. फी ठरवलेल्या उत्पन्नानुसार २५०, ५०० किंवा १,००० रुपये. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याची विनंती प्रतिज्ञापत्रासह जोडायची. नोटीस दुसऱ्याच्या मेलवर गेल्याचा पुरावा इथे कामी येतो. एक अट विसरू नका: रिटर्नमध्ये तुम्ही स्वतः मान्य केलेला कर आधी भरलेला असावा लागतो. तिथे हरलात तर पुढे आयकर अपील न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, आणि कायद्याचा मोठा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. एकाच फायलीसाठी दोन दिशांना प्रवास, हे खानदेशच्या नशिबी आहेच.

अपील केलं म्हणजे वसुली थांबली, असा समज घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. स्थगितीसाठी अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली वेगळा अर्ज द्यावा लागतो. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के भरल्यावर अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळते. ५ लाखांच्या मागणीवर १ लाख. हे २० टक्केही जड असतील आणि प्रकरण तुमच्या बाजूने भक्कम असेल, तर प्रधान आयुक्तांकडे रक्कम कमी करायची विनंती करता येते. त्या २० टक्क्यांचेही हप्ते मागता येतात, मागून बघा.

खातं गोठलं तर

कलम २२६(३) खाली अधिकारी थेट बँकेला पत्र देऊ शकतो. बँकेच्या मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. पत्राची प्रत मागून घ्या, त्याच दिवशी वॉर्डात जा, अपील आणि स्थगितीचे अर्ज किंवा हप्त्यांचा प्रस्ताव द्या, जमेल ती रक्कम भरा आणि खातं मोकळं करण्याचं पत्र मागा. खातं नवरा-बायकोचं संयुक्त असेल तर दोघांचा वाटा सारखा धरतात. दुसऱ्याचा जास्त असेल तर तो पुराव्याने दाखवता येतो.

त्यापुढे प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं. तो स्थावर मालमत्ता जप्त करून विकू शकतो, आणि जाणूनबुजून मालमत्ता लपवणाऱ्याला अटक करण्याचा अधिकारही त्याला आहे. मात्र दिवाणी कायद्याने जे जप्तीतून वगळलंय ते इथेही वगळलेलं आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, बैल आणि बियाणं. शिवाय कलम २२१ खाली थकलेल्या कराइतका दंड लागू शकतो. तिथवर जाऊ देऊ नका.

नोटीस अजून आलीच नाही, पण देणं आहे हे माहीत आहे

रिटर्नची मुदत जवळ आली आणि कराचे पैसे नाहीत, तरी रिटर्न वेळेत भरा. कर नंतर भरला तर व्याज लागतं, पण उशिराची ५,००० रुपयांपर्यंतची फी वाचते.

जुन्या वर्षांत उत्पन्न राहिलं असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत, पण जितका उशीर तितकं महाग. कर आणि व्याज यांवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० टक्के जादा. सगळी रक्कम आधी भरावी लागते, इथे हप्ते नाहीत.

हा रस्ता खास त्यांच्यासाठी आहे ज्यांनी टक्केवारीवर रिफंड काढून देणाऱ्यांच्या नादी लागून न दिलेल्या देणग्या आणि नसलेलं घरभाडं दाखवलं. जुलै २०२५ मध्ये अशा एजंटांवर खात्याने देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. एजंट त्याची टक्केवारी घेऊन गेला, पॅन तुमचा आहे. चौकशीची नोटीस यायच्या आत दुरुस्त करा.

माफी येईल का?

‘अमुक टक्के भरा, बाकी सोडून देतो’ अशी कायमची तडजोड आपल्याकडे नाही. कराचे वाद मिटवण्याची विवाद से विश्वास योजना २०२० मध्ये आली, पुन्हा २०२४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२५ ला तिचे अर्ज बंद झाले. पुढची येईल या आशेवर दरमहा १ टक्का वाढू देणं मला पटत नाही.

लहान जुन्या मागण्यांचं मात्र खरंच काही झालं. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १०,००० पर्यंतच्या मागण्या, एका करदात्याला एकूण १ लाखाच्या मर्यादेत, निकालात काढल्या गेल्या. तुमच्या पानावर अशी मागणी अजून दिसत असेल तर भरू नका, आधी तक्रार नोंदवा.

वडील वारले आणि थकबाकी त्यांची असेल, तर मुलाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईपर्यंत ती येत नाही. त्यासाठी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला, वारस दाखला आणि दोघांचे पॅन हाताशी ठेवा, आणि वडिलांच्या पॅनला जोडलेला मोबाईल नंबर बंद करायच्या आधी लॉगिन करून घ्या. ओटीपी त्याच नंबरवर येतो.